गोंदण आणि धम्मदीक्षा : पुसायचे काय आणि कसे?

धम्मदीक्षा घेतल्यावर आपल्या घरातून पुष्कळ गोष्टी गेल्या. देव्हारे गेले. टाक, मूर्ती, परडी, पोत गेली. कुणी ती नदीत सोडली, कुणी गाठोडे बांधून गावाबाहेर टाकून दिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, तेव्हापासून आजतागायत दीक्षा घेणारे प्रत्येक कुटुंब हाच क्रम पार पाडीत आले आहे. भिंतीवरचा देव उतरवायला एक खिळा उपटावा लागतो, त्याहून अधिक काही नाही. पण जो देव आईच्या मनगटावर हिरव्या अक्षरांत गोंदलेला आहे, त्याचे काय करायचे?

हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांत तो रोजच्या जेवणाच्या पंगतीत येऊन बसतो. आई भाकरी थापते तेव्हा तिच्या हातावर 'राम' दिसतो. आजीच्या कपाळावर, हनुवटीवर ठिपके आहेत, दंडावर तुळस आहे, पोटरीवर विंचू आहे. शिकलेला मुलगा म्हणतो, "आई, वंदनेला बसतेस, हात जोडतेस आणि जोडलेल्या हातावर रामाचे नाव! लोक काय म्हणतील?" अशाच एका घरातील म्हातारीने नातवाला दिलेले उत्तर मी ऐकले आहे. ती म्हणाली, "अरं लेका, देव तर मी कवाच सोडला. आता हात कुठं सोडू?"

म्हातारी हसत हसत बोलली, पण तिच्या बोलण्यात एक गंभीर विचार आहे. त्याचाच येथे नीट विचार करू. गोंदण पुसणे हे धम्माच्या दृष्टीने कर्तव्य आहे काय? नसेल, तर ते पुसण्याची इच्छा धरणे चूक आहे काय? आणि पुसायचेच ठरले, तर शरीराला इजा न होता ते कसे पुसावे?

प्रथम हे गोंदण आले कसे ते पाहू. आपल्या आयाबहिणींना गोंदले गेले ते बहुधा पाच-सात-दहा वर्षांच्या वयात. जत्रेत किंवा दारावर गोंदणारीण येई. दोघीतिघी मिळून पोरीला धरीत. काजळाचा रंग, तीन-चार सुया एकत्र बांधलेल्या, आणि रडणाऱ्या पोरीला गप्प करायला एखादे गाणे. पोरीला कुणी विचारले नाही. तिला सांगितले गेले ते एवढेच की, गोंदल्याशिवाय सासरी कोणी तुझ्या हातचे पाणी घेणार नाही. सोनेनाणे येथेच राहते, मेल्यावर बरोबर येते ते फक्त गोंदण. ज्या बाईच्या अंगावर सोने कधी येणारच नव्हते, तिला गरिबीतला हा दागिना म्हणून दिला गेला. त्यात हौस होती, सखीचे प्रेम होते, आणि भीतीही होती. तीन्ही गोष्टी एकाच सुईने टोचल्या गेल्या.

आता धम्माची कसोटी लावू. तथागतांनी कर्म कशाला म्हटले? चेतनेला. हेतुपूर्वक जे केले, बोलले किंवा मनात आणले जाते ते कर्म. सात वर्षांच्या मुलीच्या हातावर दुसऱ्याने जे टोचले त्यात तिची चेतना कोठे आहे? ते तिचे कर्म नव्हे, ते तिच्यावर केले गेलेले कर्म आहे. मग त्याचा दोष तिच्या माथी कसा मारता येईल?

थेरीगाथेत पुण्णिका नावाच्या थेरीची कथा आहे. पुण्णिका ही पूर्वीची दासी, पाणी वाहणारी. कडाक्याच्या थंडीत नदीत बुडी मारून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले की, पाण्याने जर पाप धुतले जात असेल, तर बेडूक, कासवे, मासे हे सगळे स्वर्गालाच जातील की! एका पाणक्या दासीने केवढा मोठा सिद्धांत मांडला पहा. शरीराच्या कातडीवर जे घडते त्याने मनाची शुद्धी होत नाही. हाच सिद्धांत उलटाही लागू होतो. कातडीवर जे उरले आहे त्याने मन मलीन होत नाही. 'राम' पुसल्याने कोणी बौद्ध होत नाही आणि 'राम' राहिल्याने कोणाचे बौद्धपण जात नाही. हातावर काही नसलेला, पण घरात सुनेला छळणारा आणि चोरून नवस फेडणारा मनुष्य अधिक दूर आहे. हातावर देवाचे नाव असूनही पंचशील पाळणारी म्हातारी अधिक जवळ आहे.

कोणी जाणकार म्हणेल की, विनयपिटकाच्या महावग्गात शिक्षा म्हणून डाग दिलेल्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे, त्याचे काय? तो नियम खरा आहे. पण तो कशासाठी होता? राजाने गुन्ह्याबद्दल डागलेला माणूस संघात घेतला तर लोकांत संघाविषयी अविश्वास उत्पन्न होईल, यासाठी. तो भिक्खूसंघात प्रवेश देण्याविषयीचा नियम आहे. दागिना म्हणून गोंदलेल्या उपासिकेशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. बावीस प्रतिज्ञा वाचून पहा. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव न मानण्याची व त्यांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. अंगावरची अक्षरे खरवडून काढा, असे एकाही प्रतिज्ञेत म्हटलेले नाही. मानणे आणि उपासना करणे ही मनाची व आचरणाची कामे आहेत. प्रतिज्ञा तेथेच घाव घालते.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना वेगळा उपदेश केला होता. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, गळ्यातले आणि कोपरापर्यंतचे कथलाचे, चांदीचे दागिने टाका, कारण ही तुमची अस्पृश्यता ओळखण्याची खूण आहे, असे त्यांनी सांगितले. म्हणजे अंगावरच्या खुणेला त्यांनी क्षुल्लक मानले नाही. मग गोंदण तेवढे का राहू द्यावे?

या प्रश्नाला टाळून चालणार नाही. खूण ही नुसती खूण नसते. ती कोण कोणावर उमटवतो याला अर्थ असतो. ब्रिटिश अमदानीत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवला जात असे. ती प्रथा १८४९ साली बंद झाली. परंतु मनोवृत्ती बंद झाली नाही. १९९३ साली पंजाबात अमृतसर येथे पोलिसांनी काही गरीब स्त्रियांच्या कपाळावर 'जेबकतरी' हा शब्द गोंदवला, आणि त्याबद्दल संबंधित पोलिसांना न्यायालयाने दोषी ठरविले ते २०१६ साली. तेवीस वर्षे! त्या स्त्रियांना कोणी म्हणेल काय की, बाई, शरीर अनित्य आहे, कपाळावर काय लिहिले आहे त्याकडे लक्ष देऊ नका? असे म्हणणे हा धम्म नव्हे, तो निर्दयपणा आहे. उलट छत्तीसगडातील रामनामी पंथाच्या लोकांकडे पहा. देवळात प्रवेश नाकारलेल्या या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सर्वांगावर रामनाम गोंदवून घेतले. तुम्ही देऊळ बंद केलेत, तर आमचे शरीरच देऊळ, असा त्यांचा बाणा. आपला मार्ग त्यांच्याहून वेगळा आहे. पण ती खूण त्यांनी स्वतः निवडली, हे मान्य केले पाहिजे.

तेव्हा महाडच्या उपदेशाचे मर्म असे की, स्वाभिमानाने जगणाऱ्या माणसाला आपल्या अंगावरची गुलामीची खूण नको वाटते आणि तसे वाटणे योग्यच आहे. पण दागिना आणि गोंदण यांत एक मोठा फरक आहे. दागिना आपण रोज घालतो. रोज घालणे हे रोजचे नवे कर्म आहे, आणि तो उतरवायला वेदना होत नाही. गोंदण एकदाच घडले. त्याला रोज कोणी घालत नाही. ते उतरवायचे तर कातडीला, पैशाला आणि वेळेला झळ पोचते. म्हणून दागिना टाकण्याचा उपदेश सर्वांना करता येतो. गोंदण पुसण्याची सक्ती कोणालाच करता येत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. गोंदण पुसणे हे धार्मिक कर्तव्य नाही, आणि पुसण्याची इच्छा हा दोषही नाही. निर्णय ज्याच्या अंगावर ते आहे त्याचा. मुलाचा नाही, नवऱ्याचा नाही, विहार समितीचा तर मुळीच नाही. लहानपणी तिला न विचारता गोंदले, ही पहिली जबरदस्ती. आता तिला न विचारता पुसायला लावणे, ही दुसरी जबरदस्ती होईल. एखादी म्हणेल, हे माझ्या मेलेल्या मैत्रिणीबरोबर जत्रेत गोंदले, हे माझ्याजवळ राहू द्या. राहू द्यावे. दुसरी म्हणेल, ज्याने मला टाकले त्याचे नाव मला रोज धुणे धुताना दिसते, ते मला नको. तिला साथ द्यावी. तिसरा तरुण म्हणेल, सैन्यात किंवा निमलष्करी दलात भरती व्हायचे आहे आणि तेथे गोंदणाची जागा व आकार तपासतात. त्याने भरतीच्या जाहिरातीतील नियम आधी नीट वाचावेत, सर्वच गोंदण नाकारले जाते असे नाही, आणि मगच निर्णय घ्यावा.

आता कसे पुसावे याकडे वळू. येथे चुकीचा उत्साह फार नुकसान करतो.

गोंदणाचा रंग कातडीच्या वरच्या थरात नसतो. वरचा थर सतत झडतो आणि नवा येतो. रंग तेथे असता तर महिन्या-दोन महिन्यांत आपोआप गेला असता. तो खालच्या जाड थरात असतो. तेथे शरीरातील भक्षक पेशी रंगाचे कण गिळून बसतात. ते कण त्यांना पचवता येत नाहीत. २०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, या पेशी मेल्या म्हणजे सुटलेला रंग तेथेच आलेल्या नव्या पेशी पुन्हा गिळतात. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचे गोंदणही थोडे पसरते, फिके होते, पण जात नाही.

हे समजले म्हणजे घरगुती उपाय का फसतात तेही समजते. चुना लावणे, बिब्बा घालणे, ॲसिड टाकणे, मीठ घेऊन रक्त येईपर्यंत घासणे, तापलेल्या लोखंडाने डागणे हे सर्व उपाय वरची कातडी जाळून खालपर्यंत जाऊ पाहतात. मिठाने घासण्याचा उपाय तर सहाव्या शतकातील एका ग्रीक वैद्याच्या ग्रंथातही सांगितलेला आहे. म्हणून तो चांगला ठरत नाही. जखम पिकते, व्रण जाड होऊन वर येतो, बिब्ब्याने अंगभर सूज व फोड येऊ शकतात. मनगटावर किंवा बोटांवर खोल भाजले, तर व्रण आकसून सांधा आखडतो. ज्या हाताने खुरपायचे, शिवायचे, लिहायचे, तो हातच अधू झाला तर काय मिळविले? तथागतांनी देहदंडाचा मार्ग सहा वर्षे अनुभवून टाकून दिला. बौद्ध होण्यासाठी हात जाळून घेणे हे त्या त्यागाच्या नेमके उलट आहे. बाजारात मिळणारी 'गोंदण घालवणारी' मलमेही घेऊ नयेत. सौम्य असतील तर ती रंगापर्यंत पोचत नाहीत, आणि पोचण्याइतकी तीव्र असतील तर ती कातडी भाजतात.

आज सर्वांत भरवशाचा मार्ग लेसरचा आहे. लेसर म्हणजे एकाच रंगाचा, नेमका प्रकाश. सेकंदाच्या अब्जांश भागात तो रंगाच्या कणांवर आदळतो, कण फुटून बारीक होतात, आणि मग शरीर ते हळूहळू वाहून नेते. १९८३ साली अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी या उपचारामागचे तत्त्व मांडले : योग्य रंगाचा प्रकाश, पुरेशा थोड्या वेळासाठी, म्हणजे भोवतालची कातडी न भाजता फक्त रंगावर परिणाम होतो. आपल्या सावळ्या-काळ्या कातडीत स्वतःचा रंगही भरपूर असतो, म्हणून यंत्राची निवड महत्त्वाची. १०६४ नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड एनडी-याग लेसर आपल्या कातडीच्या रंगाला तुलनेने कमी धक्का लावतो आणि काळ्या-निळ्या गोंदणावर चांगला चालतो. काजळाचे जुने गोंदण या लेसरला बरे दाद देते. यंत्राने काढलेले आजचे रंगीत टॅटू, विशेषतः हिरवा व पिवळा रंग, अधिक चिवट असतात.

लेसरकडे जाण्यापूर्वी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) उपचार त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडूनच घ्यावा, ब्यूटी पार्लरमध्ये किंवा टॅटूच्या दुकानात नव्हे. डॉक्टरांची पदवी व वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. विचारण्यात अपमान नाही. प्रथम जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात चौकशी करावी.

२) यंत्र कोणते, हे विचारावे. केस काढण्याचे यंत्र गोंदणासाठी वापरू देऊ नये, त्याने भाजते.

३) एका बैठकीत साफ करून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. दोन बैठकांत साधारण सहा ते आठ आठवड्यांचे अंतर लागते, आणि बैठका अनेक लागतात. सगळा खर्च आधी विचारून घ्यावा.

४) आधी कोपऱ्यातल्या लहानशा जागेवर करून पाहावे. उपचाराच्या वेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

५) जखम भरल्यावर व्रण वाढण्याची सवय असेल, मधुमेह असेल, मुरुमांची किंवा अन्य औषधे चालू असतील, गोंदणावर बदलणारा तीळ असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे. गरोदरपणात हा उपचार पुढे ढकलावा.

६) नंतर फोड आला तर फोडू नये. डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे, जागा झाकून ठेवावी, उन्हापासून जपावी. ताप, पू किंवा वाढती वेदना असेल तर लगेच परत दाखवावे.

लहानसा ठिपका असेल तर जागा बधिर करून कापून टाके घालता येतात. तेथे बारीक रेघ राहते. जुन्या गोंदणावर नवे गोंदवून झाकण्याचा मार्ग काही तरुण घेतात. त्यात रंग आणखी वाढतो आणि पुढे लेसरचे काम कठीण होते. शिवाय सुई नवी नसेल तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा धोका असतो.

एक गोष्ट उघड सांगितली पाहिजे. लेसरनेही कधी कधी पूर्ण डाग जात नाही, आणि घाईने जास्त जोर लावला तर कातडीचा स्वतःचा रंग उडतो. मग हिरवा 'राम' जाऊन त्याच जागी, त्याच वळणाचा, पांढरा 'राम' उरतो. यास्तव संयम हवा. आणि पैसा? सावकाराचे कर्ज काढून, मुलीची फी थांबवून गोंदण पुसण्याची घाई करू नये. पन्नास वर्षे राहिलेली खूण आणखी दोन वर्षे राहिली तर धम्माचे काही अडत नाही. मुलीचे शाळेतले एक वर्ष मात्र परत येत नाही.

आता राहिला विहाराचा प्रश्न. जोवर वंदनेला येणारी बाई पदराखाली हात लपवून बसते, तोवर दोष तिच्या हाताचा नाही, आपल्या डोळ्यांचा आहे. जन्माने कोणी वसल होत नाही, कर्माने होतो, हे आपण वसलसुत्तातून शिकतो. मग कातडीवरून माणूस जोखण्याची सवय आपल्याच विहारात कशी चालेल? ज्या डोळ्यांनी आपल्याला पिढ्यान् पिढ्या खुणेवरून ओळखून दूर बसविले, ते डोळे आपण उधार घेऊ नयेत.

आणि शेवटी आपल्या मुलांविषयी. हल्ली आपल्या तरुणांत 'जय भीम' किंवा बाबासाहेबांची प्रतिमा गोंदवून घेण्याची हौस आहे. प्रौढ माणसाने विचार करून, नवी सुई वापरायला लावून तसे केले, तर तो त्याचा प्रश्न. पण काही ठिकाणी लहान लेकरांच्या हातावरही गोंदवले जाते. गोंदलेले अक्षर बदलले म्हणून कृती बदलत नाही. आईच्या हातावर 'राम' टोचताना तिला कोणी विचारले नव्हते, हा आपला आक्षेप आहे ना? मग सात वर्षांच्या मुलाच्या हातावर अशोकचक्र टोचतानाही त्याला विचारलेले नसते. बाबासाहेबांनी आपल्याला पारखून घेऊन स्वीकारायचा धम्म दिला. त्याची निवड त्या मुलाने मोठेपणी, वाचून, समजून करावी. तोवर त्याच्या हातात पाटी-पुस्तक द्यावे, आणि हात कोरा ठेवावा.